कैसर टिकला असता तर मुलुंडला काय असतं?

जून 1914 च्या मध्याला लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगातून सुटून पुण्यात परतले. त्याच आठवड्यात, 15 जूनला, इंग्लंड आणि जर्मनीच्या प्रतिनिधींनी लंडनमध्ये बगदाद रेल्वेच्या कराराच्या मसुद्यावर आद्याक्षरं केली. जर्मनांची ही रेल्वे एक दिवस इराणच्या आखाताला टेकेल आणि मुंबईच्या सागरी वाटेवर जर्मन येऊन बसतील, ही धास्ती इंग्रजांना कित्येक वर्षं होती. ते भांडण आता बोलण्याने मिटलं होतं. युरोपातली दोन सर्वांत बलाढ्य राष्ट्रं एकमेकांना सांभाळून घ्यायला शिकत आहेत, असं त्या आठवड्यात कुणी म्हटलं असतं तर ते भाबडेपणाचं ठरलं नसतं.

तेरा दिवसांनी, 28 जूनला, साराजेव्होमध्ये ऑस्ट्रियाच्या युवराजाच्या गाडीचा चालक चुकीच्या रस्त्याला वळला. चूक कळल्यावर त्याने गाडी थांबवली आणि ती थांबली नेमकी मारेकरी गाव्हरिलो प्रिन्सिपच्या पुढ्यात. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. चार वर्षांचं महायुद्ध झालं, नोव्हेंबर 1918 मध्ये कैसर दुसरा विल्हेल्म हॉलंडला पळाला आणि 1871 मध्ये उभं राहिलेलं जर्मन साम्राज्य संपलं.

या प्रकरणात ती गाडी सरळ जाऊ द्यायची आहे.

असा खेळ मराठी वाचकाला नवा नाही. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत 14 जानेवारी 1761 ला विश्वासरावांना लागलेली गोळी लागतच नाही आणि इतिहासाचे प्राध्यापक असलेले गंगाधरपंत एका निराळ्याच मुंबईत जाऊन पोचतात. त्या कथेची शिस्त मला फार मोलाची वाटते. बदल एकच करायचा आणि तोही शक्य तितका लहान. त्यानंतर आपल्या आवडीनिवडीला बाजूला ठेवून, कारणामागून कार्य कुठे जातं ते पाहत राहायचं. जर्मनीच्या बाबतीत याहून मागे जाण्याचा मोह पुष्कळांना होतो. उदारमतवादी तिसरा फ्रेडरिक 1888 मध्ये कैसर झाला आणि घशाच्या कर्करोगाने 99 दिवसांत गेला. तो जगला असता तर, असा प्रश्न अनेकजण विचारतात. पण तो जगला की त्याच्या मुलाची सत्ता पुढे ढकलली जाते, बिस्मार्कची गच्छंती आणि आरमाराची इंग्लंडशी स्पर्धा सगळंच अनिश्चित होतं आणि इतके धागे सुटले की कुठलाच हाती राहत नाही. म्हणून आपण 1914 वर थांबू.

त्या वर्षीचं जर्मनी कसं होतं? लोकसंख्या सुमारे पावणेसात कोटी. पोलादाचं उत्पादन ब्रिटनच्या दुपटीहून जास्त. कामगारांसाठी आजारपणाचा, अपघाताचा आणि म्हातारपणाचा विमा तिथे 1880 च्या दशकातच कायद्याने आला होता. 1912 च्या निवडणुकीत समाजवादी लोकशाही पक्ष संसदेत सर्वांत मोठा ठरला होता, मात्र चॅन्सेलर नेमण्याचा आणि काढण्याचा अधिकार कैसरच्याच हातात होता. युद्ध न होता आणखी वीस-पंचवीस वर्षं गेली असती तर ही ओढाताण हळूहळू संसदेच्या बाजूने झुकली असती, असं मानायला जागा आहे.

‘शांततेत भरभराटलेलं जर्मनी’ हे शब्द लिहिताना मात्र हात थबकला पाहिजे. नैर्ऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, 1904 ते 1908 या काळात याच साम्राज्याच्या सैन्याने हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला. हेरेरोंपैकी बहुसंख्य लोक वाळवंटात तहानेने किंवा छावण्यांमध्ये मेले. आजच्या टांझानियात 1905 ते 1907 च्या माजी माजी उठावानंतर पिकं जाळून उपासमार घडवली गेली. युरोपात शांतता होती त्याच काळातल्या या गोष्टी आहेत. साम्राज्याची शांतता कोणासाठी होती, हा प्रश्न म्हणूनच या प्रकरणात सतत जागा ठेवायला हवा. आपणही तेव्हा एका साम्राज्याच्या आतच राहत होतो.

आता आपल्या बाजूला येऊ. 1914 मध्ये मुंबई उपनगर जिल्हा नव्हता. तो 1920 मध्ये झाला. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही ठाणे जिल्ह्यातल्या साष्टीची गावं. भातखाचरं, मिठागरं, ताडमाडांची झाडी, कोळीवाडे, पूर्व भारतीय ख्रिस्ती लोकांची गावठाणं आणि मधून जाणारे दोन लोहमार्ग. इतक्या निवांत मुलखात कैसरच्या जर्मनीचं काय असणार? बरंच होतं.

पहिलं म्हणजे देव. राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला. यंत्रं जर्मनीची आणि यंत्रं चालवणारे तंत्रज्ञही जर्मनीचे. या छापखान्याच्या मुंबईतल्या वास्तव्याशी घाटकोपरचं नाव जोडलेलं आहे. प्लेगच्या दिवसांनंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रविवर्म्यांनी कर्जापायी तो विकला आणि विकत घेतला तो तिथल्याच फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाने. शिळाछापाची कलाच मुळी म्युनिकमध्ये अलॉइस झेनेफेल्डरने 1790 च्या दशकात शोधलेली. तिला लागणारा तलम चुनखडीचा दगड उत्तम प्रतीचा मिळायचा तो बव्हेरियातल्या सोल्नहोफेनच्या खाणीत. चाळीतल्या खोलीपासून वाड्याच्या देवघरापर्यंत कमळात उभी राहिलेली ती लक्ष्मी आणि वीणा घेतलेली ती सरस्वती घराघरांत पोचली ती या जर्मन तंत्राच्या बळावर. ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यात पाऊल टाकू दिलं जात नव्हतं, त्यांच्याही भिंतीवर काही आण्यांत देव आला. मला ही त्या काळातली फार मोठी सामाजिक घटना वाटते. छपाईचं तंत्र शिकायला दादासाहेब फाळकेही जर्मनीला जाऊन आले होते. पुढे 1914 मध्ये ते आपले चित्रपट घेऊन लंडनला गेले, तिथे त्यांचं कौतुक झालं, आणि ते परतले तेव्हा युद्ध सुरू झाल्यामुळे भांडवल देणाऱ्यांनी हात आखडता घेतला होता. युद्ध नसतं तर फाळक्यांना पैशाची ती ओढगस्त त्या वेळी तरी सोसावी लागली नसती.

दुसरं म्हणजे रंग. याची गोष्ट जरा सविस्तर सांगावी लागेल, कारण ती मुंबईत सुरू होऊन भलतीकडे पोचते.

युद्धाआधी जगातल्या कृत्रिम रंगांपैकी 80 टक्क्यांहून अधिक रंग जर्मन कंपन्या बनवत. बाडिशे, म्हणजे आजची बीएएसएफ, तशाच बायर आणि हेक्स्ट. बायरने 1896 मध्येच मुंबईत आपली कंपनी थाटली होती, कारण गिरण्यांचं हे शहर रंगांचं मोठं गिऱ्हाईक होतं. मंजिष्ठेच्या मुळीतून निघणारा लाल रंग जर्मन प्रयोगशाळेत तयार होऊन डब्यातून येऊ लागला आणि रंगाऱ्यांचं काम बदललं. मग 1897 मध्ये बाडिशेने कृत्रिम नीळ बाजारात आणली. ती नैसर्गिक निळीपेक्षा स्वस्त पडे आणि प्रत्येक डब्यातला माल सारख्या ताकदीचा असे. हिंदुस्थानात तेव्हा 16 लाख एकरांच्या घरात निळीची लागवड होती. 1914 पर्यंत ती दोन लाख एकरांच्याही खाली आली.

बिहारातल्या चंपारणमध्ये गोऱ्या मळेवाल्यांनी कुळांवर सक्ती केलेली होती, की दर वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावलीच पाहिजे. जर्मन निळीने भाव पाडले तेव्हा मळेवाल्यांनी आपला तोटा कुळांच्या माथी मारला. सक्तीतून सुटायचं तर वाढीव खंड द्या किंवा एकरकमी भरपाई द्या, अशी वसुली सुरू झाली. आणि मग युद्ध आलं. जर्मनीहून रंग येणं थांबलं, निळीचे भाव एकदम चढले आणि मळेवाले पुन्हा नीळ लावायच्या सक्तीकडे वळले. दोन्ही बाजूंनी पिळल्या गेलेल्या शेतकऱ्यांच्या आग्रहामुळे गांधीजी एप्रिल 1917 मध्ये चंपारणला पोचले. पुढच्याच वर्षी कायदा होऊन ती सक्ती गेली.

आता आपली गाडी सरळ गेली आहे असं धरा. गांधीजी मुंबईत उतरलेच असते. 9 जानेवारी 1915 ऐवजी कदाचित काही महिने आधी, कारण युद्ध जाहीर झालं तेव्हा ते लंडनच्या वाटेवर होते आणि तिथे रुग्णसेवेचं पथक उभारण्यात त्यांचा वेळ गेला. पण जर्मन नीळ अखंड येत राहिली असती. चंपारणची नीळ हळूहळू, कुणाच्या बातमीत न येता संपली असती. वाढीव खंडाचं दुःख उरलं असतं, पण 1917 चा तो भडका उडाला नसता. गांधीजींना लढ्याची पहिली जागा दुसरीकडे शोधावी लागली असती. कुठे, ते सांगता येत नाही. पण र्‍हाईन नदीच्या काठावरचा एक कारखाना चालू राहणं किंवा बंद पडणं यावर आपल्या स्वातंत्र्यलढ्याचं पहिलं पान अवलंबून होतं, एवढं मात्र इथे स्वच्छ दिसतं.

तिसरं म्हणजे शाळा-कॉलेजं. मुंबईचं कॅथलिक मिशन 1850 च्या दशकात जर्मन जेझुइट पाद्र्यांकडे आलं. वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस शाळा 1863 ची आणि धोबीतलावचं सेंट झेवियर्स कॉलेज 1869 चं. साष्टीतल्या कितीतरी ख्रिस्ती, पारशी आणि हिंदू मुलांनी पदार्थविज्ञान आणि लॅटिन शिकलं ते जर्मन वळणाचं इंग्रजी बोलणाऱ्या या गुरुजींकडे. युद्ध सुरू झाल्यावर हेच गुरुजी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. वयात बसणाऱ्या अनेकांना अहमदनगरच्या छावणीत ठेवलं गेलं आणि 1915-16 मध्ये ‘गोलकोंडा’ जहाजातून पुष्कळांची मायदेशी रवानगी झाली. आर्चबिशप हेर्मान युर्गेन्स 1916 मध्ये वारले. त्यांच्या जागी नवे आर्चबिशप नेमले जायला 1919 उजाडलं आणि ते इंग्रज होते. साठ वर्षांचं काम दोन वर्षांत उखडलं गेलं. ज्यांनी आयुष्य इथे घालवलं, इथल्या भाषा शिकल्या, त्यांना पासपोर्टाच्या रंगावरून हाकलणं हा अन्याय होता, यात मला शंका नाही.

ती मोकळी झालेली जागा पुढे स्पेनच्या जेझुइटांनी भरली. त्यांच्यातच 1922 मध्ये मुंबईला आले फादर हेन्री हेरास. त्यांनी 1926 मध्ये झेवियर्समध्ये इतिहास संशोधनाची संस्था उभी केली, नाणी, शिल्पं आणि कागदपत्रं जमवली, सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर वर्षानुवर्षं डोकं लढवलं आणि भारतीय विद्यार्थ्यांची एक पिढी मूळ साधनांवर काम करायला शिकवली. कैसर टिकला असता तर मुंबईला हेरास मिळाले नसते. त्यांच्याऐवजी कुणी जर्मन विद्वान आला असता, हेही खरं. विष्णु सीताराम सुखठणकर बर्लिनला हाइनरिख ल्यूडर्स यांच्या हाताखाली तयार झाले आणि पुढे पुण्यात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी जी शिस्त लावली ती तिथलीच. युद्ध नसतं तर बर्लिन, लाइपझिग आणि बॉनची ही वाट आपल्या मुलांसाठी मधली वर्षं बंद पडली नसती.

इथवर पाहिलं तर कैसरचं टिकणं आपल्या फायद्याचं वाटतं. पण मालाडला आलं की चित्र उलटतं.

अंधेरी आणि बोरिवलीच्या मधल्या मालाडमध्ये 1934 मध्ये हिमांशु राय आणि देविकाराणी यांनी बॉम्बे टॉकीज उभी केली. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि छायाचित्रकार योझेफ विर्शिंग हे दोघेही म्युनिकचे. ‘अछूत कन्या’ (1936) त्यांच्याच हातची. ही मंडळी मालाडला कशी आली? जर्मनीत 1916 मध्ये परदेशी चित्रपटांच्या आयातीवर बंदी आली आणि तोवर फ्रेंच व डॅनिश चित्रपटांनी भरलेल्या तिथल्या पडद्यावर देशी निर्मितीला जागा झाली. त्या काळची सर्वांत मोठी जर्मन चित्रसंस्था ऊफा ही 1917 मध्ये सेनापतींच्या पुढाकाराने, युद्धप्रचारासाठी निघाली. त्या भरभराटीत म्युनिकच्या एमेल्का कंपनीने हिमांशु राय यांच्याबरोबर ‘लाइट ऑफ एशिया’ (1925) केला आणि पुढे ऊफानेही त्यांच्या चित्रपटांत भाग घेतला. युद्ध काढून टाका, की ही साखळी पहिल्याच कडीला तुटते. मालाडचा स्टुडिओ त्या पराभूत साम्राज्याच्या राखेतून आला होता. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर ऑस्टेन आणि विर्शिंग यांना 1939 मध्ये इंग्रजांनी ताब्यात घेतलं, ही त्या गोष्टीची दुसरी बाजू. ऑस्टेन मायदेशी परतले. विर्शिंग त्या युद्धानंतरही इथेच राहिले आणि ‘महल’मधल्या त्या सावल्या त्यांनी टिपल्या.

आणखी एक गोष्ट. उपनगरी विजेच्या गाड्या फेब्रुवारी 1925 मध्ये सुरू झाल्या तेव्हा त्यांचे काही डबे जर्मनीतल्या उर्डिंगेनच्या कारखान्यातून आलेले होते. कैसरला जाऊन सात वर्षंही झाली नव्हती. व्यापार परत यायला साम्राज्य लागत नाही.

आता मोठा हिशोब. युद्ध टळलं असतं तर काय वाचलं असतं, ते आधी म्हटलं पाहिजे. हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसं समुद्रापार गेली, सुमारे 74,000 परतली नाहीत. मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात उपाशी राहून एप्रिल 1916 मध्ये शरण गेलेली 6वी डिव्हिजन ही ‘पुणे डिव्हिजन’ होती आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. साताऱ्या-रत्नागिरीच्या ज्या गावांत घरटी माणूस फौजेत होता, तिथली घरं वाचली असती. 1918 च्या जूनमध्ये मुंबई बंदरातून शिरलेल्या इन्फ्लुएंझाने देशात एक कोटीहून अधिक बळी घेतले; सैन्याच्या जहाजांची ती वर्दळ नसती तर साथ अशा वेगाने पसरली नसती. बाबासाहेब आंबेडकर 1917 मध्ये लंडनहून परतले तेव्हा त्यांची पुस्तकं दुसऱ्या जहाजाने निघाली होती आणि ते जहाज जर्मन पाणबुडीने बुडवलं. ती पुस्तकं मुंबईला पोचली असती.

आणि काय मिळालं नसतं? 20 ऑगस्ट 1917 ला ब्रिटिश सरकारने जबाबदार राज्यपद्धतीचं जे वचन दिलं, ते युद्धाच्या दडपणाखाली. त्याच वर्षी हिंदुस्थानकडून युद्धखर्चापोटी दहा कोटी पौंडांचा बोजा उचलून घेताना परदेशी कापडावरची जकात साडेसात टक्के झाली आणि मुंबईच्या गिरण्यांना प्रथमच खरं संरक्षण मिळालं. लँकेशायरच्या गिरणीमालकांनी ते शांततेच्या काळात कधी होऊ दिलं नसतं. युद्धाने ब्रिटन कर्जबाजारी झाला, त्याचा दरारा ओसरला, आणि रौलट कायदा व जालियनवाला बागेनंतर इंग्रजी न्यायावरचा विश्वास उडाला. टिळकांची होमरूल लीग 1916 मध्ये वणव्यासारखी पसरली, कारण जमीन तापलेली होती.

कैसरचं साम्राज्य सुखाने टिकलेल्या जगात त्याचा शेजारी ब्रिटिश साम्राज्यही सुखाने टिकतो. ऑस्ट्रियाचं टिकतं, झारचं टिकतं, तुर्कांचं टिकतं. राजेरजवाड्यांच्या आपापसातल्या सोयरिकी आणि करार चालू राहतात आणि आशिया-आफ्रिकेची वाटणी बगदाद रेल्वेसारखी टेबलावर बसून होते. युरोपातले लोक ज्याला सुवर्णयुग म्हणतील, त्यात आपण रयतच राहिलो असतो, आणि माझ्या मते निदान एक पिढी जास्त. हिटलर आला नसता, साठ लाख ज्यूंचा संहार झाला नसता, आणि त्याचं मोल कशानेही कमी होत नाही. पण तो नफा आणि हा तोटा एकाच वहीत लिहावा लागतो.

हे मुलुंडमध्ये सर्वांत नीट पाहता येतं. हेक्स्ट या रंगांच्या कंपनीने 1956 मध्ये भारतात औषधांची कंपनी स्थापन केली आणि मुलुंडला कारखाना उभा केला. माल बाहेरून आणून विकण्याऐवजी तो इथे बनवा, असं सांगू शकणारं सरकार तोवर दिल्लीत आलं होतं. 1972 मध्ये मुलुंडलाच त्यांचं मूलभूत संशोधनाचं केंद्र निघालं, त्याचं उद्घाटन इंदिरा गांधींनी केलं. ज्याच्या मुळांचं आपल्याकडे लोणचं घालतात त्या माईनमुळ्यातून तिथल्या भारतीय शास्त्रज्ञांनी फोर्स्कोलिन हे रसायन वेगळं काढलं आणि पेशींच्या आतली संदेशयंत्रणा अभ्यासायला ते जगभरच्या प्रयोगशाळा वापरू लागल्या. कैसर आणि ब्रिटनचा राजा दोघेही निर्धास्त राहिलेल्या जगात हेक्स्टला मुलुंडची गरज नव्हती. 1914 सारखेच डबे फ्रँकफर्टहून निघून मुंबईच्या गोदीत उतरले असते, आणि मुलुंडला फार तर गोदाम असतं.

प्रत्यक्षात 1998 मध्ये हेक्स्टने ते संशोधन केंद्र विकलं आणि निकोलस पिरामल या मुंबईच्या कंपनीने ते घेतलं.